स्पोर्ट्स कारच्या टायरमध्ये हवा किती? आकडा ठरवण्याची पद्धत, पायरीपायरीने

स्पोर्ट्स कारच्या टायरमध्ये हवा किती ठेवायची असं चार जणांना विचारलं, तर चार आकडे मिळतात. कोणी ३० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंडांत मोजलेला दाब) सांगतं, कोणी ३३, कोणी ठासून ३८. यातला कुठलाही आकडा बरोबर असू शकतो आणि कुठलाही चूक, कारण टायर किती तापलेला असताना तो मोजला हे बहुतेक जण सांगतच नाहीत. हवेचा दाब म्हणजे अर्धी माहिती, उरलेली अर्धी म्हणजे तापमान. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती फिरतात.

आधी थोडं यंत्रशास्त्र. कारचं वजन रबर नाही, आतली हवा पेलते. हवा कमी पडली की टायरच्या दोन्ही कडांवर भार जातो, साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) प्रत्येक फेरीला जास्त वाकते आणि त्या वाकण्यातून उष्णता तयार होते. वेग जितका जास्त, तितकी ही उष्णता धोक्याची. भरधाव वेगात टायर फुटण्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. उलट हवा जास्त झाली तर रस्त्याला टेकणारा भाग आक्रसतो आणि टायर खाचखळग्यांवर उड्या मारू लागतो. रुंद स्टील रेडियल (आत पोलादी पट्टे असलेल्या) टायरमध्ये मधला भाग जुन्या टायरसारखा फुगून वर येत नाही. त्यामुळे जास्त हवा डोळ्यांना दिसण्याआधी हाताला आणि पाठीला कळते. साध्या कारमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक चालकाला जाणवतही नाही. स्पोर्ट्स कारची साइडवॉल बुटकी आणि कडक, आत हवेची जागा थोडी, सस्पेन्शन नेमकं जुळवलेलं. तिथे दोन पीएसआयने स्टीअरिंगची भाषा बदलते.

पायरी १ : कारवरचा आकडा शोधा, टायरवरचा नाही

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक स्टिकर असतो. त्यावर टायरचा साइज, पुढचा दाब आणि मागचा दाब लिहिलेला असतो. बऱ्याच स्टिकरवर दोन ओळी असतात: एक दोन माणसांसाठी, एक पूर्ण भारासाठी. वेगवान कारच्या मॅन्युअलमध्ये कधी कधी अतिवेगासाठी तिसरी ओळही असते. तो वेग खरोखर गाठणार असाल, तर ती ओळ पाळणं ऐच्छिक नाही.

टायरच्या साइडवॉलवर कोरलेला आकडा वेगळा. ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे. तोच टायर दहा वेगवेगळ्या कारना बसतो, मग तो तुमच्या कारचा दाब कसा सांगणार? तरीही तो आकडा वाचून हवा भरणारे लोक सर्रास भेटतात.

एककांचा घोळ होऊ नये म्हणून एवढं लक्षात ठेवा: १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, म्हणजेच १०० किलोपास्कल. २.३ बार म्हणजे साधारण ३३ पीएसआय.

पायरी २ : गार म्हणजे नेमकं किती गार

स्टिकरवरचा आकडा गार टायरचा असतो. कार किमान तीन तास उभी असेल किंवा शांतपणे दीड किलोमीटरपेक्षा कमी चालली असेल, तर टायर गार धरायचा. पंपापर्यंत पाच-सात किलोमीटर हाणत नेलेल्या कारचा टायर गार नसतो. उन्हात उभ्या असलेल्या कारचाही नसतो. एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला सावली असेल, तर डाव्या-उजव्या टायरमध्ये फरक दिसतो आणि माणूस विनाकारण गळती शोधत बसतो. म्हणून सकाळी, ऊन चढायच्या आधी, घरच्या घरी मोजणं सगळ्यात बरं.

आता तापमानाचा हिशोब. बंद जागेतल्या हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सिअस अधिक २७३) प्रमाणात वाढतो. गेज, म्हणजे दाब मोजायचं मीटर, वातावरणाचा दाब वगळून आकडा दाखवतं, म्हणून हिशोबाआधी त्यात १४.७ मिळवायचे. समजा २० अंश सेल्सिअसला गेज ३३ दाखवतं. निरपेक्ष दाब झाला ४७.७. टायरमधली हवा ६० अंशांवर गेली, तर ४७.७ ला ३३३ ने गुणून २९३ ने भागा. उत्तर येतं ५४.२, त्यातून १४.७ वजा केले की गेजवर ३९.५. एक थेंबही हवा न भरता साडेसहा पीएसआय वाढले.

रोजच्या वापरासाठी एवढं गणित नको. दर ६ अंशांमागे सुमारे १ पीएसआय हे प्रमाण पुरतं. २२ अंशांच्या उबदार गॅरेजमध्ये तुम्ही बरोबर ३३ भरले आणि बाहेर २ अंशांची थंडी असेल, तर टायर बाहेर रुळल्यावर दाब ३० च्या खाली उतरतो. अशा वेळी गॅरेजमध्येच तीनेक पीएसआय जास्त भरायचे. ऋतू बदलला की दाब पुन्हा तपासायचा तोही याच कारणाने.

तापलेल्या टायरमधून हवा सोडून स्टिकरचा आकडा गाठणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. टायर गार झाला की तो सरळ पाच-सहा पीएसआय खाली जातो. प्रवासात नाइलाजाने तापल्या टायरमध्ये हवा भरावी लागलीच, तर स्टिकरपेक्षा चार-पाच पीएसआय वर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी गार असताना नीट करा.

पायरी ३ : स्वतःचं गेज घ्या

पंपावरच्या गेजवर विसंबू नका. ते दिवसभर आपटलं जातं आणि शेवटचं कधी तपासलं हे कोणालाच ठाऊक नसतं. एक चांगलं डिजिटल किंवा मोठ्या डायलचं गेज घ्या, शक्यतो हवा सोडायचं बटण असलेलं. पंपावर थोडी जास्त हवा भरून घरी ती स्वतःच्या गेजने उतरवता येते. गेज नेहमी तेच वापरा. ते अर्धा पीएसआय चुकत असलं तरी दरवेळी तितकंच चुकेल, आणि आपल्याला तुलना तर करता येईल.

व्हॉल्व्हच्या टोप्या लावायला विसरू नका. चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण एक पीएसआय आपोआप झिरपतो. एकाच चाकात त्यापेक्षा जास्त घट दिसली, तर खिळा, रिम किंवा व्हॉल्व्ह बघा. बुटक्या साइडवॉलचा टायर दहा पीएसआय कमी असतानाही दिसायला ठीकच असतो. लाथ मारून किंवा डोळ्यांनी अंदाज घेणं इथे निरुपयोगी.

पायरी ४ : पुढचा आणि मागचा दाब वेगळा का, ते समजून घ्या

कित्येक जण ‘चारही सारखे करा’ म्हणून मोकळे होतात. काही कारना ते चालतं. सध्याच्या एनडी पिढीच्या माझ्दा एमएक्स-५ ला चारही चाकांत २९ पीएसआयच सांगितलेले आहेत. हलकी कार, वजन पुढे-मागे जवळपास समान. उलट ९९७ पिढीच्या पोर्शे ९११ ला १९ इंची चाकांवर पुढे ३३ आणि मागे ४४. इंजिन मागच्या धुऱ्याच्याही मागे टांगलेलं आहे, त्याचा भार कोणीतरी उचलायलाच हवा.

हा फरक फक्त वजनापुरता नसतो. कार वळणात कशी वागणार हेही त्यातून ठरवलेलं असतं. सुरुवातीच्या शेव्हरले कॉर्व्हेअरचं उदाहरण यासाठी प्रसिद्ध आहे. मागे इंजिन असलेल्या या कारला कंपनीने गार टायरमध्ये पुढे १५ आणि मागे २६ पीएसआय ठरवून दिले होते. पुढचा टायर मुद्दाम मऊ ठेवायचा, म्हणजे वळणात पुढची पकड आधी सुटेल आणि मागचं टोक फिरणार नाही. पण पुढे १५ हे पंपावरच्या माणसाला चूक वाटायचं, आणि तो सवयीने सगळीकडे सारखी हवा भरून टाकायचा. कारचा तोल तिथेच बिघडायचा. आजच्या कार इतक्या नाजूक नाहीत, पण पुढे-मागे फरक दिला असेल तर तो तसाच ठेवा. पायरी ६ मधला प्रयोग सोडला, तर एक पीएसआय वाढवायचा तेव्हा दोन्हीकडे वाढवा.

पायरी ५ : टायर बदलले असतील तर भाराचा हिशोब पुन्हा मांडा

स्पोर्ट्स कारच्या मालकांपैकी किती जण मूळ साइजवर राहतात? मोठी रिम, बुटका टायर हा मोह जुनाच. मात्र साइज बदलला की स्टिकरवरचा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही, आणि ही गोष्ट टायर बसवून देणारेही क्वचितच सांगतात.

साइजनंतर येणारा आकडा म्हणजे लोड इंडेक्स, एक टायर किती भार पेलतो त्याचा सांकेतिक आकडा. ८८ म्हणजे ५६० किलो, ९१ म्हणजे ६१५, ९२ म्हणजे ६३०. पण हा भार ठरावीक दाबालाच पेलला जातो. युरोपीय पद्धतीच्या साध्या टायरसाठी तो दाब २.५ बार, म्हणजे ३६ पीएसआय. एक्सएल, म्हणजे जादा भाराच्या टायरसाठी २.९ बार, म्हणजे ४२ पीएसआय.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली दिलासा देणारी. २२५/४० आर १८ साइजमध्ये ८८ चा साधा टायर मिळतो आणि ९२ चा एक्सएलही. ९२ चा टायर ४२ ऐवजी ३६ पीएसआयवर चालवला, तर त्याची क्षमता साधारण ५६० किलोवर येते, म्हणजे ८८ च्या टायरइतकीच. तेव्हा साइज तोच ठेवून नुसता एक्सएल घेतला, तर स्टिकरचा दाब बदलायचं कारण नाही. ‘एक्सएल आहे, पाच-सहा जास्त मारा’ हा सल्ला इथे चुकीचा.

दुसरी गोष्ट सावध करणारी. मूळ टायर २२५/४५ आर १७, इंडेक्स ९१, साधा. त्या जागी २३५/३५ आर १९, इंडेक्स ९१, एक्सएल बसवला. दोन्हीकडे ९१, म्हणून माणूस निर्धास्त. पण पहिला ते ६१५ किलो ३६ पीएसआयला पेलतो आणि दुसरा ४२ ला. तोच भार पेलायला नव्या टायरला सुमारे १६ टक्के जास्त दाब हवा. स्टिकरवर ३३ असेल, तर इथे ३८-३९ लागतील. हे न करता ३३ वरच ठेवलं, तर बाहेरून झकास दिसणारा टायर आतून कायम उपाशी राहतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात रिम जाते. आकडा ठरवताना टायर कंपनीचं दाब आणि भाराचं कोष्टक बघा. अंदाज त्यापुढचा.

टायर किती वेगापर्यंत चालतो ते सांगणारं अक्षरही बघून घ्या: व्ही २४० किलोमीटर प्रतितास, डब्ल्यू २७०, वाय ३००, आणि कंसात वाय असेल तर ३०० च्या वर. ही अक्षरंही योग्य दाब असेल तरच खरी.

पायरी ६ : रस्त्यासाठी बारीक जुळवाजुळव

स्टिकरचा आकडा ही सुरुवात आहे. रस्त्यावर मी त्याच्या खाली जात नाही. वर मात्र दोन-तीन पीएसआयपर्यंत प्रयोग करायला हरकत नाही, टायरच्या कमाल मर्यादेच्या आत राहून.

प्रयोगाची रीत साधी आहे. ओळखीचा, वर्दळ नसलेला, वळणांचा एक रस्ता निवडा. आधी स्टिकरप्रमाणे चालवा. मग फक्त पुढे एक पीएसआय वाढवून तोच रस्ता, कायद्यात बसेल त्याच वेगाने. स्टीअरिंग वळवल्यावर नाक किती लवकर वळतं, वळणाच्या मध्यावर कार स्थिर बसते की पुढून बाहेर सरकते, खडबडीत भागात चाक रस्ता सोडतं का, एवढंच बघायचं. मग मागे. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक वेळी तारीख, हवेचं तापमान आणि चारही आकडे लिहून ठेवायचे.

झीजही बोलते, फक्त उशिरा. मधला पट्टा लवकर झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर कमी. फक्त आतली कड झिजत असेल तर हवेला दोष देऊ नका. तो कॅम्बर (चाकाचा उभा कल) किंवा ‘टो’चा (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा) प्रश्न आहे, अलाइनमेंट करून घ्या.

पावसात हवा कमी करावी, टायर जास्त टेकतो, हा सल्ला मला कधीच पटलेला नाही. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागण्याचा वेग दाबावर अवलंबून असतो. विमानांच्या टायरवरून नासाने काढलेलं एक सूत्र आहे: दाबाचं वर्गमूळ गुणिले ९, उत्तर नॉटमध्ये. ३६ पीएसआयला ५४ नॉट, म्हणजे ताशी १०० किलोमीटर. २५ पीएसआयला ४५ नॉट, म्हणजे ८३. कारच्या टायरला खाचा किती खोल आणि पाणी किती यावर प्रत्यक्ष आकडा बदलतो, पण दिशा तीच: हवा कमी, तर कार लवकर तरंगते.

टायरमध्ये हवेऐवजी नायट्रोजन भरावा का, हे एका परिच्छेदात आटपतो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. खरा फायदा कोरडेपणाचा. पंपाच्या हवेत पाण्याची वाफ असते आणि ती दाबाचं गणित बिघडवते. रेस ट्रॅकवर याला थोडा अर्थ आहे, रस्त्यावर जवळपास नाही. महिन्यातून एकदा गेज लावणं याहून कितीतरी उपयोगाचं.

पायरी ७ : ट्रॅकवर उलटा हिशोब

रस्त्यावर आपण गार आकडा ठरवतो आणि तापल्यावर काय होईल ते होऊ देतो. ट्रॅकवर आधी तापलेला आकडा ठरवायचा आणि तिथून मागे यायचं. तिथे टायर इतका तापतो की रस्त्याचा गार दाब घेऊन उतरलात तर तीन-चार फेऱ्यांत दाब चाळिशी ओलांडतो आणि कार घसरू लागते. बऱ्याच जणांना वाटतं टायरच टाकाऊ आहे.

तापलेल्या दाबाचं लक्ष्य टायर कंपनीच्या माहितीपत्रकातून घ्या. रस्त्याच्या टायरचं आणि सेमी-स्लिकचं (ट्रॅकसाठीच्या, फार कमी खाचांच्या टायरचं) लक्ष्य वेगळं असतं. समजा तुमच्या टायरचं लक्ष्य ३५ आहे, सकाळी हवा २५ अंश आहे आणि टायरमधली हवा ८० अंशांपर्यंत जाईल असा अंदाज आहे. ३५ मध्ये १४.७ मिळवून ४९.७, त्याला २९८ ने गुणून ३५३ ने भागा, ४२ येतात. १४.७ वजा केले की २७.३. म्हणजे २७-२८ वर सुरुवात. कंपनीने गार टायरसाठी किमान मर्यादा दिली असेल तर तिच्या खाली मात्र जायचं नाही. इतक्या कमी हवेवर पहिल्या एक-दोन फेऱ्या शांतपणे काढायच्या, टायर तापेपर्यंत साइडवॉल लुळीच असते.

चार-पाच जोरकस फेऱ्यांनंतर पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेला थांबायच्या जागी) या आणि ताबडतोब मोजा, दरवेळी त्याच क्रमाने. लांबलचक संथ फेरी मारून आलात तर आकडा खोटा येतो. दहा मिनिटं उभे राहिलात तरी खोटाच, कारण तापलेल्या ब्रेकची उष्णता रिममधून टायरमध्ये शिरत असते. हँडब्रेक लावू नका, कार गिअरमध्ये ठेवा किंवा चाकाला अडण लावा.

लक्ष्यापेक्षा जास्त निघालेली हवा तिथेच सोडा. तापलेल्या टायरमधून २ पीएसआय काढले, तर गार आकडा साधारण १.७ ने उतरतो, वहीत तसं टिपून ठेवा. घड्याळाच्या दिशेने धावणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त असतात, भार डाव्या टायरवर येतो आणि ते जास्त तापतात. म्हणून गार असताना डाव्या चाकांतला दाब थोडा कमी ठेवावा लागतो, म्हणजे तापल्यावर चारही जागेवर येतात. दुपारी ट्रॅक तापला की सकाळचा गार आकडा चालत नाही.

आकडा जुळल्यावर टायरला काय वाटतं ते विचारायचं, आणि त्यासाठी सुईचा पायरोमीटर (रबरात सुई टोचून तापमान मोजणारं उपकरण) चांगला. इन्फ्रारेड फक्त पृष्ठभाग वाचतो आणि तो काही सेकंदांत निवतो. आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशी तीन तापमानं घ्या. कॅम्बरमुळे आतली कड थोडी गरम असणं स्वाभाविक आहे. मध्य हा दोन्ही कडांच्या सरासरीच्या आसपास असला की दाब बरोबर. मध्य जास्त तापला तर हवा जास्त, थंड राहिला तर कमी. पायरोमीटर नसेल तर टायरच्या खांद्यावर खडूने एक रेघ ओढा. फेऱ्यांनंतर खडू साइडवॉलच्या बाजूला खोलवर पुसला गेला, तर टायर लोळतोय, हवा वाढवा. ट्रेडची (रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याची) कडही पुसली नसेल, तर कमी करा.

तोल जुळवायलाही दाब वापरता येतो, पण यात एक गोम आहे. ‘पकड हवी तर हवा कमी करा’ हे योग्य दाबाच्या वर असतानाच खरं. त्याच्या खाली गेलात की हवा कमी करून पकड आणखी जाते. म्हणून आधी तापमान बघून आपण कुठल्या बाजूला आहोत ते ठरवा, मग एक-एक पीएसआयने हला. अंडरस्टीअर होतोय (पुढची पकड सुटून कार वळणाबाहेर सरकतेय) म्हणून पुढची हवा काढतच जाणारा चालक शेवटी पुढचे टायर खाऊन बसतो.

इशारा दिव्याबद्दल

डॅशबोर्डवरचा टायरचा दिवा लागला नाही म्हणजे दाब बरोबर, असं नसतं. अमेरिकी नियमानुसार तो दाब २५ टक्के उतरल्यावर लागला तरी चालतो. ३३ चा टायर २५ वर येईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो, आणि स्पोर्ट्स कारचा सगळा खेळ तर त्या मधल्या आठ पीएसआयमध्येच असतो. प्रत्येक चाकाचा आकडा दाखवणारी यंत्रणा असेल तर मात्र उत्तम. चालताना दाब कसा चढतो ते तिच्यावर बघता येतं.

ट्रॅकवरून परतताना हवा पुन्हा भरायची राहून जाते, म्हणून कॉम्प्रेसर सोबतच न्या. टायर निवले की ते २६-२७ वर आलेले असतात आणि तशीच कार महामार्गावर घेतली, तर सामानासकट सगळा भार त्या अर्धपोटी साइडवॉलवर येतो. तास-दोन तास थांबता येत नसेल, तर कोमट टायरमध्येच स्टिकरपेक्षा तीन-चार वर भरा आणि सकाळी गेज लावून उतरवा. कार काही महिने उभी राहणार असेल, तर टायरवर सपाट डाग पडू नयेत म्हणून हवा कमाल मर्यादेच्या आत राहून वाढवून ठेवतात. तसं केलंत तर स्टीअरिंगला एक चिठ्ठी चिकटवा: ‘हवा जास्त आहे, आधी उतरव.’